चुनखडीच्या डोंगरावर आधी माती मोजा, मग कर्ब

माझ्याकडे आलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. चुनखडकाचा एक उतार आहे. खालच्या सपाट खळग्यात वर्षानुवर्षं मका घेतला जातो. मधल्या पायऱ्या दहा-बारा वर्षांपासून पडीक आहेत. एका बाजूला पाइनची लागवड आहे, वर कड्यांमध्ये जुन्या जंगलाचा तुकडा, आणि त्याला लागून पूर्ण उघडा पडलेला खडकाळ पट्टा, जिथे माती फक्त भेगांमध्ये उरली आहे. पाचही ठिकाणची माती तपासली, तर सेंद्रिय कर्बाचं, म्हणजे कुजलेल्या पाला-मुळांतून मातीत आलेल्या कार्बनचं, प्रमाण सगळ्यात जास्त निघालं ते त्या खडकाळ पट्ट्यात. मग जमीन उजाड झाल्यावर कर्ब वाढतो का? आणि कर्ब साठवायचाच असेल तर इथे झाडं लावावीत, गवत धरावं, की जमीन नुसती सोडून द्यावी?

रिपोर्ट बहुधा बरोबरच आहे. कार्स्टमध्ये, म्हणजे पाण्याने विरघळत जाणाऱ्या चुनखडकाच्या आणि डोलोमाइटच्या मुलखात, हे चित्र मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे. चूक होते ती टक्केवारीलाच साठा समजल्यामुळे. उघड्या खडकावर पडणारा पालापाचोळा, शेवाळ, दगडफूल, धूळ हे सगळं पावसाच्या पाण्याबरोबर वाहत येऊन भेगेतल्या मूठभर मातीत जमतं. दहा चौरस फुटांवरचं खाद्य एक चौरस फूट माती खाते. ती माती काळी, भुसभुशीत आणि कर्बाने भरलेली असणारच. पण तशी माती आहे किती?

साधा हिशेब करून बघा. हेक्टरी साठा काढायला पाच गोष्टी लागतात: कर्बाचं प्रमाण, मातीची घनता, खोली, मातीतल्या दगडगोट्यांचा वाटा, आणि पृष्ठभागावर उघड्या खडकाने किती जागा व्यापली आहे ते. समजण्यासाठी काल्पनिक आकडे घेऊ. खडकाळ पट्ट्यात कर्ब ७ टक्के, घनता ०.९, सरासरी खोली १५ सेंटिमीटर. सगळीकडे माती असती तर हेक्टरी सुमारे ९५ टन कर्ब झाला असता. पण ७० टक्के जागा खडकाची आणि उरलेल्या मातीत ३० टक्के गोटे, म्हणजे हातात राहिले जेमतेम २० टन. मक्याच्या खळग्यात कर्ब फक्त १.८ टक्के, पण घनता १.२, खोली ४० सेंटिमीटर, खडक ५ टक्के, गोटे १० टक्के. तिथे साठा येतो सुमारे ७४ टन. जंगलात ६ टक्के, घनता ०.९, खोली ३० सेंटिमीटर, खडक ३५ टक्के, गोटे २० टक्के धरले तर सुमारे ८४ टन. टक्केवारीत पहिला असलेला पट्टा साठ्यात तळाला गेला. म्हणून कार्स्टमधला कुठलाही कर्बाचा आकडा समोर आला की माझा पहिला प्रश्न असतो: यातून खडक वजा केलाय का? नसेल तर त्या आकड्यावरून कुठलाही निर्णय घेऊ नका.

आता ही माती इतका कर्ब धरते कशी, ते बघू, कारण जमीन कशी वापरावी याचं उत्तर तिथेच आहे. चुनखडक विरघळताना पाण्यात कॅल्शियम सतत सुटत राहतो. मातीचा सामू (पीएच) ७ ते ८ च्या आसपास असतो. चिकणमातीच्या कणांवर ऋण भार असतो आणि कुजून आलेल्या सेंद्रिय पदार्थांवरही ऋण भार असतो, त्यामुळे ते एरवी एकमेकांपासून दूर राहिले असते. दोन धन भारांचा कॅल्शियम मधे येऊन दोघांना बांधतो. अशा लाखो गाठींमधून मातीचे टणक, दाणेदार रवे बनतात आणि रव्याच्या आत अडकलेला सेंद्रिय पदार्थ जिवाणूंच्या हाती सहजी लागत नाही. लाल मातीत याच कामाला लोहाची ऑक्साइडंही हातभार लावतात.

हे डोळ्यांनी बघता येतं. जंगलातल्या मातीचा वाटाण्याएवढा सुका रवा घ्या आणि काचेच्या पेल्यात पाण्यात हळूच सोडा. शेजारच्या पेल्यात मक्याच्या रानातलं तेवढंच ढेकूळ सोडा. जंगलाच्या रव्यातून दोन-चार बुडबुडे निघतात आणि तो तसाच बसून राहतो. तासाभरानेही त्याच्या कडा जागेवर असतात, पाणी स्वच्छ. नांगरटीतलं ढेकूळ काही मिनिटांत फुलतं, फुटतं आणि तळाशी चिखलाचा थर होतो. दोन्ही माती एकाच खडकातून आलेल्या, कॅल्शियम दोन्हीत भरपूर. फरक पडला तो मुळं, बुरशीचे धागे आणि दरवर्षी मिळणारा पालापाचोळा गेल्यामुळे, आणि नांगराने रवे फोडल्यामुळे.

नांगरटीने किती कर्ब जातो? जगभरच्या ७४ प्रकाशनांमधली आकडेवारी एकत्र करून २००२ मध्ये एक आढावा निघाला होता. त्यात नैसर्गिक जंगल मोडून पीक घेतल्यावर जमिनीतला कर्ब सरासरी ४२ टक्क्यांनी घटलेला दिसला आणि कुरण मोडून पीक घेतल्यावर ५९ टक्क्यांनी. उलट पिकाखालची जमीन पुन्हा आपोआप जंगल होऊ दिली तेव्हा सरासरी ५३ टक्के वाढ, आणि तिथे लागवडीचं वन केलं तेव्हा १८ टक्के. हे आकडे सगळ्या प्रकारच्या जमिनींचे आहेत, खास कार्स्टचे नाहीत. तरी दिशा तीच राहते. कार्स्टमध्ये मला जास्त जाणवलेली गोष्ट म्हणजे घट होण्याचा वेग. पहिल्या दोन-चार हंगामांतच मोठा हिस्सा निघून जातो, कारण रव्यांच्या आत राखून ठेवलेला ताजा, अर्धवट कुजलेला पदार्थ एकदम उघडा पडतो. कॅल्शियमने घट्ट बांधलेला भाग मात्र बराच काळ टिकतो. म्हणूनच अनेक वर्षं मका घेतलेल्या चुनखडी जमिनीतही कर्ब शून्याकडे जात नाही, एका खालच्या पातळीवर येऊन थांबतो.

मक्याच्या रानात जुन्या जंगलाचा कर्ब किती उरलाय हे वेगळं काढता येतं, आणि मला ही पद्धत फार आवडते. मका हवेतला कार्बन वेगळ्या मार्गाने धरतो, त्यामुळे त्याच्या कार्बनमधल्या जड समस्थानिकाचं (जरा जास्त वजनाच्या कार्बन-अणूंचं) प्रमाण, एका ठरलेल्या मानकाच्या तुलनेत, उणे १२ ते १३ प्रतिसहस्रच्या आसपास असतं. झाडाझुडपांचं उणे २७ च्या आसपास. मातीचा आकडा या दोन्हींच्या मधे जिथे येतो त्यावरून मक्याचा वाटा किती आणि जंगलाचा किती हे कळतं. पण चुनखडकाचा स्वतःचा आकडा शून्याजवळ असतो. मातीतला चुना आधी आम्लाने काढून टाकला नाही तर सगळा हिशेब मक्याच्या बाजूला झुकतो.

आतापर्यंत हवेत गेलेल्या कर्बाबद्दल बोललो. कार्स्टमध्ये त्याहून गंभीर नुकसान मातीचंच आहे, आणि मनापासून सांगतो, मला खरी काळजी याचीच वाटते. शुद्ध चुनखडकातून माती बनते ती न विरघळणाऱ्या गाळातून. खडकात असा गाळ ३ टक्के आहे आणि दमट हवामानात हजार वर्षांत ५० मिलिमीटर खडक विरघळतो, असं धरा. एका चौरस मीटरवर सुमारे १३० किलो खडक गेला, मागे राहिला चार किलोच्या आत गाळ. त्याची माती झाली तर थर होतो साडेतीन मिलिमीटर. म्हणजे एक सेंटिमीटर माती बनायला जवळजवळ तीन हजार वर्षं, तीही एक कणही वाहून गेला नाही तर. बाहेरून उडत येणारी धूळ काही ठिकाणी यात भर घालते, भूमध्य समुद्राभोवतीच्या लाल मातीत सहाराची धूळ सापडते. तरी एका हंगामात उतारावरून एक मिलिमीटर माती गेली, तर निसर्गाची जवळपास तीनशे वर्षांची कमाई गेली असा याचा अर्थ.

आणि ती जाते कुठे हेही इथे वेगळं आहे. इतर डोंगरांवर धूप दिसते: घळी पडतात, ओढे गढूळ होतात. कार्स्टमध्ये बरीच माती खाली झिरपते. खडकाला आतपर्यंत भेगा असतात, पाऊस पडला की माती त्या भेगांतून, विवरांतून, गुहांच्या वाटेने तळाला जाते. वर ओढाच नसतो, मग गढूळ काय होणार? धूप मोजायला आपण उताराच्या पायथ्याशी गाळ साठवण्याचा खड्डा करतो, तो अनेकदा कोराच राहतो आणि आपण समजतो की सगळं ठीक आहे.

तुमच्या मक्याच्या खळग्याकडे मात्र थोडं वेगळ्या नजरेने बघा. वरून वाहून आलेल्या मातीचा बराच भाग अशा खळग्यांच्या तळाशी साठतो. तिथे एक मीटर खोल खड्डा घेतला की कधी कधी साठ-सत्तर सेंटिमीटरवर अचानक गडद रंगाचा थर लागतो. तो जुना पृष्ठभाग असतो, वरची झाडी तुटल्यावर आलेल्या मातीखाली गाडला गेलेला. त्यात बराच कर्ब सुरक्षित असतो. म्हणून वीस सेंटिमीटरचा नमुना घेऊन खळग्याला ‘कमी कर्बाची जमीन’ ठरवू नका. आणि तिथे साठलेला कर्ब नवा मिळवलाय असंही मोजू नका, तो वरच्या उताराचा आहे.

आता झाडं, गवत की मोकळीक. या बाबतीत दोन प्रदेशांकडून शिकण्यासारखं आहे. ‘कार्स्ट’ हा शब्द ज्यावरून आला ते स्लोव्हेनिया-इटली सीमेवरचं क्रास पठार शतकानुशतकांच्या वृक्षतोडीने आणि चराईने ओसाड, दगडी झालं होतं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून तिथे ब्लॅक पाइनची लागवड झाली आणि आज ते पठार बरंचसं हिरवं आहे. उघड्या खडकावर सावली आणण्याचं काम पाइनने चोख केलं. पण पाइनच्या सुया सावकाश कुजतात, जमिनीवर जाड सुकी गादी तयार होते, आणि कर्बाचा मोठा भाग मातीच्या रव्यांत जाण्याऐवजी त्या गादीत पडून राहतो. गादी पेटते. जुलै २०२२ मध्ये याच क्रासवर मोठा वणवा लागला आणि हजारो हेक्टर जळालं. तुमच्या पाइनखालचा कर्ब मोजताना ही गादी आणि खालची माती यांचे नमुने वेगवेगळे ठेवा. एकत्र मिसळले तर टिकाऊ आणि ठिसूळ साठा एकाच आकड्यात लपतो.

दुसरा प्रदेश नैऋत्य चीन: ग्वीजो, ग्वांगशी, युन्नान. तिथे खडक उघडा पडण्याच्या प्रक्रियेला खडकाळ वाळवंटीकरण असंच नाव आहे. १९९९ पासून तीव्र उतारावरची शेती सोडवून तिथे झाडं-गवत आणण्याचा मोठा सरकारी कार्यक्रम चालला. सरकारी मोजणीत अशी जमीन २००५ साली सुमारे १ कोटी ३० लाख हेक्टर होती, २०१६ साली ती सुमारे १ कोटीवर आली. उपग्रहांनाही तो मुलूख हिरवा होताना दिसला आहे. मात्र उपग्रहाला पानं दिसतात, माती दिसत नाही. झाडोरा पाच-दहा वर्षांत परततो, वरच्या दहा सेंटिमीटरमधला कर्ब काही दशकांत बऱ्यापैकी भरून येतो, त्याखालचा त्याहून सावकाश. गेलेली माती माणसाच्या हयातीत परत येत नाही.

या सगळ्यावरून माझं मत स्पष्ट आहे: शेजारी जुनं जंगल शिल्लक असेल तर पडीक पायऱ्या निसर्गावर सोडा. पक्षी आणि वारा बी आणतात, आधी गवत, मग काटेरी झुडपं, वेली, नत्र धरणाऱ्या शेंगवर्गीय वनस्पती आपापल्या भेगा शोधतात. कुठल्या भेगेत ओल आहे हे रोपालाच बरोबर समजतं. लागवड करताना आपण ओळीत खड्डे घेतो. खोदलेली माती सैल होते आणि पहिल्याच मोठ्या पावसात भेगेत उतरते. लावायचीच झाली तर रुंद पानांची, स्थानिक, मिश्र झाडं लावा, आणि खड्ड्याच्या खालच्या बाजूला दगडांचा छोटा बांध घाला. बी देणारं जंगल कित्येक किलोमीटरवर असेल तेव्हा लागवडीशिवाय गत्यंतर नसतं, हेही मान्य.

गवत हा चांगला पर्याय आहे, विशेषतः जिथे लोकांना त्या जमिनीतून काहीतरी मिळायलाच हवं तिथे. गवताची दाट तंतुमुळं रवे बांधण्यात सगळ्यात तरबेज. पण कापून नेण्याचा चारा असेल तर दरवर्षी नत्र, पालाश आणि स्फुरद शेताबाहेर जातं. चुनखडी जमिनीत स्फुरद आधीच कॅल्शियमशी बांधलेलं, पिकाला दुर्मीळ. शेणखत परत आलं नाही तर काही वर्षांत गवत विरळ होतं आणि माती पुन्हा उघडी पडते. मोकाट चराई झाली तर शेळ्या भेगांमधली रोपं शोधून खातात, मग काहीच उगवत नाही.

मका बंद करणं शक्य नसेल तर तो खळग्यातच ठेवा, उतारावर चढवू नका. नांगरट कमीत कमी करा, ताटं शेतातच पसरा, दोन हंगामांच्या मधे हिरवळीचं पीक घ्या. नत्राचं रासायनिक खत बेतानेच द्या, त्याला आणखी एक कारण आहे.

कार्स्टमध्ये कर्बाची दुसरी वहीही असते. मातीतल्या हवेत मुळांच्या आणि जिवाणूंच्या श्वसनामुळे कार्बन डायऑक्साइड बाहेरच्या हवेच्या दहापट, काही वेळा शंभरपटसुद्धा असतो. तो पाण्यात मिसळून खडक विरघळवतो आणि बायकार्बोनेट होऊन झऱ्यांतून वाहून जातो. त्यातला अर्धा कार्बन मातीतून आलेला असतो, अर्धा खडकातून. झाडोरा चांगला तर हा प्रवाह मोठा. पण अमोनियाच्या खतापासून मातीत नायट्रिक आम्ल बनतं आणि खडक त्याने विरघळला, तर झऱ्याच्या पाण्यातला बायकार्बोनेट वाढलेला दिसतो, हवेतून मात्र काहीच घेतलेलं नसतं. तो कार्बन निव्वळ खडकाचा. शिवाय पुढे समुद्रात चुना पुन्हा जमताना घेतलेला कार्बन डायऑक्साइड परत सुटतो, त्यामुळे हा साठा किती काळाचा धरायचा यावर अभ्यासकांत वाद आहे. माझा सल्ला: ही वही वेगळी ठेवा, मातीच्या साठ्यात मिळवू नका.

मोजणीबद्दल दोन गोष्टी जरूर सांगायच्या आहेत, कारण त्यांत मी स्वतः पोळलो आहे. एकदा आमचे नमुने एका प्रयोगशाळेत उच्च तापमानाच्या यंत्रावर तसेच जाळले गेले, चुना न काढता. शुद्ध चुन्यात, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटमध्ये, वजनाने १२ टक्के कार्बन असतो. मातीत ५ टक्के मुक्त चुना असला तरी ०.६ टक्का खोटा ‘सेंद्रिय’ कर्ब वाढतो. मक्याच्या रानात हा आकडा खऱ्या कर्बाच्या तिसऱ्या हिश्शाएवढा होतो. आमचं एक पूर्ण वर्ष त्यात गेलं. तेव्हापासून प्रत्येक नमुन्यावर मी आधी पातळ हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकतो. फसफसलं की पाकिटावर खूण, आणि लॅबला लेखी सूचना. वॉकली-ब्लॅक पद्धतीत, म्हणजे रसायनांनी कर्ब जाळून मोजण्याच्या पद्धतीत, चुना मोजला जात नाही, पण तिच्यात सगळा सेंद्रिय कर्बही जळत नाही, सरासरी ७७ टक्केच जळतो. त्यामुळे एका वर्षी एक पद्धत आणि पुढच्या वेळी दुसरी, असं करू नका.

दुसरी चूक आमचीच. नमुने घेताना आम्ही ऑगर, म्हणजे माती काढायचं गिरमिट, जिथे शिरेल तिथे टोचायचो. दहा सेंटिमीटरवर खडक लागला की दोन पावलं सरकून पुन्हा प्रयत्न. अशाने नकळत फक्त खोल मातीचेच नमुने गोळा झाले आणि साठा जवळजवळ दुप्पट आला. आता उतारावर दोरी ताणतो, दर मीटरला लोखंडी सळई ठोकतो, आणि खडक लागला तर ‘शून्य’ असं वहीत लिहितो. ते शून्य गाळायचे नाहीत.

तुमच्या पडीक पायऱ्यांवर मी आधी हेच करेन, आणि सोबत खडकांकडे बघेन. उघड्या खडकाचा वरचा भाग खडबडीत, राखाडी, दगडफुलांनी भरलेला असतो. त्याखाली काही ठिकाणी गुळगुळीत, गोलसर, फिकट पट्टा दिसतो. हा भाग कधीकाळी मातीखाली होता, मातीतल्या कार्बन डायऑक्साइड मिसळलेल्या ओलाव्याने घासल्यासारखा झालेला. या दोन्हींच्या मधली रेषा म्हणजे जुनी जमिनीची पातळी. तिथपासून आजच्या मातीपर्यंत टेप लावा: तेवढी माती गेली आहे. मग आजच्या पातळीला खडकात एक छोटा स्टीलचा खिळा ठोका, क्रमांक लिहा, फोटो काढा. असे तीस-चाळीस खिळे पुरे. पाच वर्षांनी त्याच खिळ्यांपाशी, त्याच ऋतूत, त्याच पद्धतीने नमुने घ्या. त्याआधी घेतलेले नमुने वर्षावर्षाच्या चढउतारातच हरवतात. खिळ्याखाली खडकाचा नवा पट्टा उघडा पडला असेल, तर त्या जागी पाचोळा कितीही साठलेला दिसला तरी आधी दगडी बांध दुरुस्त करा.